टायरची फेरपालट

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला फेरपालट हा शब्द नवा नाही. ज्या वावरात यंदा पऱ्हाटी, त्या वावरात पुढच्या साली ज्वारी किंवा तूर. एकच पीक एकाच जागी सालोसाल घेतले, तर जमिनीचा कस जातो. म्हणून शहाणा शेतकरी पिकाची जागा बदलतो.

मोटारीच्या टायरचेही असेच आहे. टायरचीसुद्धा फेरपालट करावी लागते. ती का करायची, कशी करायची आणि केव्हा करायची, हे या धड्यात वाचू. आधी एक गोष्ट ऐका.

१. पावसातली रात्र

भातकुली तालुक्यात एक गाव आहे. तिथे एक शेतकरी राहतात. सारे गाव त्यांना मामा म्हणते. मामांकडे एक जुनी मोटार आहे. गावात कोणाला अडचण आली, की मामांची गाडी निघते. मामा कधी नाही म्हणत नाहीत.

आषाढ महिना होता. शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री तिला कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. मामांनी गाडी काढली. अमरावतीला डफरीन दवाखान्यात जायचे होते.

वाटेत एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडे वळण आहे. मामांनी वेग कमी केला. ब्रेक दाबला. चाक वळवले. पण गाडी वळली नाही! ती सरळच गेली आणि रस्त्याच्या कडेला चिखलात रुतली.

कोणाला लागले नाही, हे दैव. पण गाडी निघेना. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. त्याने गाडी ओढून काढली. यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास त्या लेकीने कसा काढला, ते तिलाच ठाऊक. पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

मामांना मात्र झोप आली नाही. गाडी हळू होती. ब्रेक बरोबर दाबला होता. मग गाडी वळली का नाही?

२. राजापेठेतला भाचा

दुसऱ्या दिवशी मामा अमरावतीला राजापेठेत गेले. तिथे त्यांचा भाचा टायरच्या दुकानात कामाला आहे. मामांनी त्याला सारी हकीकत सांगितली.

भाचा खाली बसला. त्याने चारही टायरवरून हात फिरवला.

"मामा, हे पाहा. पुढचे दोन्ही टायर गोटे झाले. मांगचे अजून ठीक हायेत."

"चारही संगच घेतले होते बाबू. एकाच दिवशी. मंग पुढचेच काहून घासले?"

"मामा, एका घरात चार भाऊ असले, अन् सारं काम दोघंच करत असले, तं आधी कोन थकन?"

मामा हसले. पण त्यांना कारण हवे होते. भाच्याने ते समजावून सांगितले.

मामांच्या गाडीचे इंजिन पुढे आहे. ते वजन पुढच्या चाकांवर पडते. इंजिनाचे बळही पुढच्याच चाकांना मिळते. म्हणजे गाडी ओढण्याचे काम पुढची चाके करतात. गाडी वळवण्याचे कामही त्यांचेच. शिवाय ब्रेक दाबला, की सारे ओझे पुढे ढकलले जाते. बंडी एकदम थांबली, की बंडीतला माणूस पुढे झुकतो ना? तसेच. त्यामुळे ब्रेकचा मोठा भार पुढच्या टायरवर येतो.

मागची चाके काय करतात? मागचा भार उचलतात आणि मागे मागे येतात. म्हणून ती कमी झिजतात.

आता पावसाची गोष्ट. टायरवर जी नक्षी असते, ती शोभेसाठी नसते. त्या खोलगट रेघा म्हणजे टायरचे पाट आहेत. रस्त्यावरचे पाणी त्या पाटांतून बाजूला निघून जाते. मग रबर रस्त्याला धरते. नक्षी गेली, की पाण्याला वाट राहत नाही. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. टायर त्या थरावर तरंगतो. मग चाक कितीही वळवा, गाडी सरळच जाते. त्या रात्री हेच झाले.

मामा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे चूक पावसाची नोयती. मायीच होती."

३. रबर तेवढेच, मग फायदा काय?

भाचा म्हणाला, "मामा, टायरची फेरपालट केली असती, तं ही पाळी आली नसती. पुढचं चाक मांगं, मांगचं पुढं. ठरल्या वेळी."

मामा हिशेबाला पक्के. त्यांनी लगेच विचारले, "रबर तं तितलंच घासते. पुढं घासलं काय, मांगं घासलं काय. मंग मले फायदा काय?"

प्रश्न चांगला होता. तुमच्याही मनात आला असेल. भाच्याने खरे उत्तर दिले.

"फेरपालटीनं टायरवर रबर वाढत नाई मामा. पन हाये ते रबर वाया जात नाई."

ते कसे, पाहा.

पुढचा टायर सगळीकडे सारखा झिजत नाही. सतत वळल्यामुळे त्याच्या कडा जास्त झिजतात. मधली नक्षी शिल्लक असते, पण कड गेली म्हणून टायर टाकून द्यावा लागतो. शिल्लक रबराचे पैसे फुकट जातात. तोच टायर वेळेवर मागे नेला, तर त्याच्या कडांना आराम मिळतो आणि मधली नक्षी कामाला येते. म्हणजे टायरचे सगळे रबर वापरले जाते. हा पहिला फायदा.

चारही टायर सारखे झिजले, तर गाडी चारही बाजूंनी रस्ता सारखा धरते. दोन चाके धरतात आणि दोन घसरतात, असे होत नाही. हा दुसरा फायदा. सर्वात मोठा हाच. इथे पैशाचा प्रश्न नाही. जिवाचा आहे.

फेरपालटीच्या वेळी चारही चाके निघतात. तेव्हा टायरची आतली बाजूही दिसते. एरवी ती कोणी पाहत नाही. रुतलेला खिळा, चीर, फुगवटा तेव्हा ध्यानात येतो. हा तिसरा फायदा.

४. कोणते चाक कुठे?

सगळ्या गाड्यांची रीत एक नाही. पाटीवर चार गोल काढा. दोन पुढे, दोन मागे. आता वाचा.

ज्या गाडीचे बळ पुढच्या चाकांना असते, तिची रीत अशी. पुढची दोन्ही चाके सरळ मागे न्या. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. मागची चाके पुढे आणताना बाजू बदला. मागचे डावे पुढे उजवीकडे. मागचे उजवे पुढे डावीकडे. बऱ्याच लहान मोटारी अशा असतात. मामांची गाडीही अशीच आहे.

ज्या गाडीचे बळ मागच्या चाकांना असते, तिची रीत उलट. मागची चाके सरळ पुढे आणा. पुढची चाके मागे नेताना बाजू बदला.

काही टायरच्या अंगावर बाण असतो. तो टायर बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. असा टायर बाजू बदलून लावू नका. त्याला फक्त पुढून मागे आणि मागून पुढे न्या.

काही गाड्यांचे पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. त्यांची पुढे-मागे फेरपालट होत नाही. जादा चाक, म्हणजे स्टेपनी, चारही चाकांच्या मापाची असेल तर तीही फेऱ्यात घेता येते. ती लहान मापाची असेल तर घेऊ नये.

गाडीबरोबर माहितीचे पुस्तक मिळते. त्यात ही रीत छापलेली असते. शंका आली तर ते पुस्तक प्रमाण माना.

५. केव्हा करायची?

साधारणपणे ८,००० ते १०,००० किलोमीटर गाडी चालली, की फेरपालट करावी.

याचा हिशेब सोपा आहे. मामांची गाडी दिवसाला सरासरी ५० किलोमीटर चालते. १०,००० भागिले ५०, म्हणजे २०० दिवस. म्हणजे साडेसहा महिने. मामांनी आपली खूण ठरवली. एकदा पोळ्याला, एकदा होळीला. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो. त्याच दिवसांत गाडीच्या चाकांकडेही पाहायचे.

तुमची गाडी जास्त चालत असेल, तर लवकर करा. गाडी कमी चालत असली, तरी निदान वर्षातून एकदा चाके पाहून घ्या.

६. वेळ गेल्यावर काय?

मामा म्हणाले, "मंग आताच अदलाबदल करून टाक बाबू."

भाच्याने मान हलवली. "नाई मामा. आता वेळ गेली. गोटा झालेला टायर मांगं नेला तरी गोटाच राहते."

हे ध्यानात घ्या. फेरपालट म्हणजे जादू नव्हे. संपलेला टायर तिने जिवंत होत नाही.

टायर संपला हे कसे ओळखायचे? नक्षीच्या खोल रेघांमध्ये रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. तेव्हा नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. मोटारीसाठी कायद्याची मर्यादाही हीच आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते.

मामांनी दोन नवे टायर घेतले. त्यांना वाटले, नवे टायर पुढे लागतील. भाच्याने मागचे चांगले टायर पुढे आणले आणि नवे मागे लावले.

"हे उलटं काहून?" मामांनी विचारले.

भाच्याने सांगितले, पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते. वेग कमी केला की चाके पुन्हा रस्ता धरू शकतात. पण मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते. मग ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून दोनच टायर नवे असतील, तर ते मागे लावावेत.

७. झीज काय सांगते?

वैद्य नाडी पाहतो. मिस्त्री टायरची झीज पाहतो.

टायर मधोमध झिजला, तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा झिजल्या, तर बहुधा हवा कमी आहे. एकच कड झिजली, तर चाकांची ठेवण बिघडली आहे. तिला दुकानात अलाइनमेंट म्हणतात. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल, तर चाकाचा तोल किंवा गाडीचे शॉक-अब्सॉर्बर तपासून घ्या.

हा दोष आधी दूर करा, मग फेरपालट करा. नाही तर नव्या जागी आलेला टायरही तसाच झिजेल. बांध फुटलेला असताना पेरणी करून काय उपयोग?

हवा किती भरायची, ते गाडीवरच लिहिलेले असते. ड्रायव्हरचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर बहुधा एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे असतात. ते वेगळे असू शकतात. म्हणून फेरपालटीनंतर हवा पुन्हा तपासा. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी.

८. ऊन आणि रस्ता

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. डांबर तापते. अशा वेळी कमी हवेचा टायर फार धोक्याचा. तो प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि उठतो. त्याने आतून तापत जातो. शेवटी फुटतो. प्रवासात टायर गरम असताना हवा वाढलेली दिसते. म्हणून ती सोडू नका. टायर थंड झाला, की ती कमी पडेल.

रस्तेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. त्याची नोंद गिनीजच्या जागतिक विक्रमांत झाली. समृद्धी महामार्गही अमरावती जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. त्या रस्त्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले. तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली.

रस्ता चांगला झाला, की वेग वाढतो. वेग वाढला, की टायरची चूक महाग पडते. खड्ड्याच्या रस्त्यावर जो टायर चालून गेला, तो गुळगुळीत रस्त्यावर दगा देऊ शकतो.

९. मामांनी टायर वाचला

काम संपत आले. भाच्याने स्टेपनी बाहेर काढली. तिची नक्षी नव्यासारखी होती. मामा म्हणाले, "हे नवीन हाये. दोन सालाआधी घेतलं. एकदाही लावलं नाई."

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आता रात्रीच्या वर्गात जाता ना? मंग हे वाचा बरं."

टायरच्या कडेला एक लांबट चौकट होती. तिच्यात चार इंग्रजी आकडे होते. मामांनी बोट ठेवले. एकेक आकडा सावकाश वाचला. दोन, सहा, एक, पाच. २६१५.

"याचा अर्थ काय?"

"पयले दोन आकडे आठवड्याचे. मांगचे दोन सालाचे. सन २०१५ चा सव्विसावा आठवडा. तवा हा टायर कारखान्यात तयार झाला."

मामा त्या आकड्यांकडे पाहतच राहिले. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने हा टायर नवा म्हणून त्यांना दिला होता. आकडे तेव्हाही तिथेच होते. पण मामांना ते वाचता येत नव्हते. मामांनी पूर्ण किंमत मोजली होती.

रबर न वापरताही म्हातारे होते. ते कडक होते. त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून टायरला पाच वर्षे झाली, की दरवर्षी तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. दहा वर्षे झाली, की नक्षी कितीही चांगली दिसो, तो वापरू नये.

मामांनी तो टायर दुकानातच टाकला. दुसरा घेतला. या वेळी पैसे देण्याआधी त्यांनी स्वतः खाली बसून चार आकडे वाचले.

टायरवर आणखीही आकडे असतात. समजा, १६५/८० आर १४ असे लिहिले आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या शेकडा ८० आहे. १४ म्हणजे आतल्या चाकाचे माप, इंचांमध्ये. चारही टायरवर तुमच्या गाडीला ठरलेलेच माप असले पाहिजे.

१०. चाक काढताना

फेरपालट शक्यतो दुकानातच करून घ्यावी. चार चाकांना फार वेळ लागत नाही. पण वाटेत चाक बदलायची पाळी कोणावरही येते. तेव्हा ही काळजी घ्या.

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा. जे चाक उचलायचे नाही, त्याला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावा. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. नट आवळताना शेजारचा शेजारचा आवळत जाऊ नका. एक आवळला, की त्याच्या समोरचा आवळा. त्याने चाक सरळ बसते. चाक जमिनीवर टेकले, की नट पुन्हा पक्के आवळा. मग ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट परत एकदा तपासा.

११. मामांची वही

मामांनी एक वही केली. ती गाडीतच असते. तिच्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे :

पोळा. गाडी ४८,००० किलोमीटर. टायरची फेरपालट केली. हवा पाहिली.

होळी. गाडी ५८,००० किलोमीटर. टायरची फेरपालट केली. एक खिळा निघाला.

अक्षर वाकडे आहे. पण हिशेब सरळ आहे.

पुढच्या आषाढात पुन्हा तसाच पाऊस आला. शेजारची लेक सासरी निघाली होती. कडेवर वर्षाची मुलगी होती. मामाच गाडी घेऊन निघाले. नाल्याजवळचे वळण आले. लेकीने मुलीला घट्ट धरले. मामांनी वेग कमी केला, चाक वळवले. गाडी वळली.

कोणी काही बोलले नाही. थोडे पुढे गेल्यावर लेक म्हणाली, "मामा, यंदा गाडी बरी चालून रायली."

मामा म्हणाले, "गाडी तेच हाये पोरी. मी वाचाले शिकलो."

हे लक्षात ठेवा

१. ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरची फेरपालट करा.
२. बाण असलेल्या टायरची बाजू बदलू नका.
३. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदला.
४. टायर थंड असताना हवा पाहा.
५. टायर विकत घेताना चार आकडे वाचा.

प्रश्न

१. मामांनी चाक वळवले तरी गाडी सरळ का गेली?
२. फेरपालटीने रबर वाढत नाही. मग फायदा कसा होतो?
३. एका टायरवर ०८२४ असे आकडे आहेत. तो कोणत्या सालच्या कितव्या आठवड्यात तयार झाला?
४. तुमच्या गावात ज्याच्याकडे गाडी असेल, त्याच्या टायरवरचे चार आकडे वाचा. वहीत लिहा. त्याचा अर्थ गाडीच्या मालकाला सांगा.